अहमदजान थिरकवा

उस्ताद अहमदजान थिरकवा (जन्म : मुरादाबाद, १८९२, मृत्यू : लखनौ, १३ जानेवारी १९७६) हे हिंदुस्थानी संगीतातील विसाव्या शतकातील अग्रगण्य तबलावादक होते. गायक-वादकांची साथ आणि स्वतंत्र तबलावादन या दोन्ही क्षेत्रांत त्यांचा अधिकार मानला जाई. त्यांच्या कारकिर्दीचा फार मोठा भाग महाराष्ट्रात गेला. मुंबईत त्यांचे शिक्षण झाले, बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत त्यांनी अनेक वर्षे साथ केली आणि आयुष्याच्या अखेरच्या काळात ते पुन्हा मुंबईत शिकवू लागले. लयीवरील प्रभुत्वाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, त्यांची ख्याती तबल्यातून निघणाऱ्या नादाबद्दल होती. तबला हे केवळ मात्रा मोजणारे वाद्य नसून सुरात बोलणारे वाद्य आहे, ही गोष्ट सर्वसामान्य श्रोत्याला त्यांच्या वादनातून प्रथम उमगली, असे म्हणण्यास हरकत नाही.

जन्म आणि घराणे

उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे एका संगीतोपजीवी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील हुसेन बक्ष हे सारंगीवादक होते. अहमदजान यांनाही आरंभी गाण्याची व सारंगीची तालीम मिळाली. ही गोष्ट चरित्रकार ओझरती सांगून पुढे जातात, पण ती महत्त्वाची आहे. सारंगीला पडदे नसतात. तारेच्या कडेला नख भिडवून सूर शोधावा लागतो आणि तो चुकला की लगेच कानाला खटकतो. शिवाय मुख्य तारांखालच्या तरफा एकेक करून मिळवाव्या लागतात. ज्या मुलाचे बालपण अशा घरात गेले, त्याचा कान तबल्याला हात लावण्यापूर्वीच तयार झाला होता.

तबल्याचे पहिले धडे त्यांनी घरातच घेतले. काका शेर खाँ, तसेच मामा फैयाज खाँ व बसवा खाँ यांच्याकडून त्यांना प्रारंभीची विद्या मिळाली. हे फैयाज खाँ मुरादाबादचे तबलावादक होत. आग्रा घराण्याचे विख्यात गायक फैयाज खाँ निराळे. त्या गायक फैयाज खाँची साथही थिरकवा यांनी पुढे केली असल्यामुळे वाचकांचा अनेकदा गोंधळ होतो.

मुनीर खाँ यांची तालीम

मुनीर खाँ हे मूळचे मेरठजवळच्या लालियाना गावचे. त्यांनी मुंबईत वास्तव्य केले आणि या शहराला तबल्याचे एक मोठे केंद्र बनवले. अनेक उस्तादांकडून त्यांनी विद्या गोळा केली होती. दिल्ली, फरुखाबाद, लखनौ, अजराडा अशा भिन्न परंपरांचे कायदे, रेले व गती त्यांच्या संग्रही होत्या. त्यांचे वादन ऐकून अहमदजान यांचे मन तबल्याकडे वळले आणि वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास ते त्यांचे गंडाबंद शागीर्द झाले. पुढील बरीच वर्षे ही तालीम चालली. मुनीर खाँ यांचे भाचे अमीर हुसेन खाँ हेही याच परंपरेतले. मुंबईत तबल्याचा जो विस्तार झाला, त्याचे श्रेय या दोघा शिष्यांकडे मोठ्या प्रमाणात जाते.

थिरकवा हे नाव जन्माचे नव्हे. मुनीर खाँ यांचे वडील काले खाँ यांनी या मुलाचा रियाझ पाहिला. तबल्यावर त्याची बोटे थिरकतात, नाचतात, असे वाटून त्यांनी कौतुकाने त्याला थिरकवा म्हणण्यास सुरुवात केली, अशी परंपरागत कथा आहे. टोपणनाव इतके रूढ झाले की पुढे मूळ नाव मागे पडले. मराठी रसिकांच्या तोंडी थिरकवाँ, थिरकवाखाँ अशीही त्याची रूपे आढळतात. नाव नृत्यावरून पडले असले तरी प्रत्यक्ष वादनात त्यांच्या हाताची हालचाल फार थोडी असे. मनगट जवळजवळ स्थिर, बोटे चाटेला व लवेला लागून. हात उंच उचलून आघात करणे या तालमीत बसत नव्हते.

मुनीर खाँ यांच्या तालमीत निकासाला मोठे स्थान होते. निकास म्हणजे बोल वाद्यातून काढण्याची रीत. एकच अक्षर कोणत्या बोटाने, पुडीच्या कोणत्या भागावर, किती दाबाने वाजवावे आणि बोट केव्हा उचलावे, यावर त्याचा नाद ठरतो. बोल पाठ असणे आणि बोल वाजणे यांत जे अंतर असते, ते निकासाचे. विद्यार्थ्याला एखादा कायदा महिनोन्महिने संथ लयीत वाजवावा लागे तो याच कारणाने.

गंधर्व नाटक मंडळी

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. या मंडळीत साथीला अव्वल दर्जाचे वादक असावेत, असा बालगंधर्वांचा आग्रह होता आणि त्यासाठी ते खर्चाकडे पाहत नसत. सारंगीला कादरबक्ष आणि तबल्याला थिरकवा, ही जोडी त्या आग्रहाचेच फळ होय. दरबारात किंवा निवडक जाणकारांच्या बैठकीत ऐकू येणारी वाद्ये तिकीट काढून आलेल्या कारकुनाच्या, दुकानदाराच्या आणि विद्यार्थ्याच्याही कानांवर पडू लागली. उत्तरेच्या घराणेदार तबल्याची महाराष्ट्राला जी सार्वत्रिक ओळख झाली, तीत या मंडळीचा वाटा मोठा आहे.

संगीत नाटकातील साथ ही दिसते तितकी सोपी नसे. एका नाटकात अनेक गाणारे नट असत आणि प्रत्येकाची पट्टी निराळी. ऑर्गनचे सूर ठरलेले. त्यात फेरफार होत नाही. त्यामुळे जुळवून घेण्याचे काम सारंगी आणि तबला यांच्याकडे येई. मोठ्या तोंडाचा तबला खालच्या पट्टीला व लहान तोंडाचा वरच्या पट्टीला चालतो, म्हणून निरनिराळ्या आकारांचे तबले हाताशी ठेवावे लागत. पुढचे पद येण्यापूर्वी संवाद चालू असतानाच हलक्या हाताने सूर तपासून घ्यावा लागे आणि तो आवाज प्रेक्षकांपर्यंत जाऊन चालत नसे. त्यातच चामड्याचा स्वभाव असा की दमट हवेत ते सैल पडून सूर उतरतो आणि उष्णतेने ताणले जाऊन चढतो. मंडळीचे दौरे महाराष्ट्रभर चालत. कोकणातल्या दमट हवेत लावलेला तबला वऱ्हाडातल्या कोरड्या हवेत तसाच राहत नाही. रात्रभर चालणाऱ्या प्रयोगात पहिल्या अंकाचा सूर शेवटच्या अंकापर्यंत टिकवायचा, तर वादकाला सतत कान लावून बसावे लागे.

नाट्यपदाचा पसारा लहान असतो. भास्करबुवा बखले यांनी स्वयंवर नाटकातील पदांना दिलेल्या चाली शास्त्रोक्त बंदिशींवर उभ्या आहेत, तरीही पद हे ख्यालाइतके पसरत नाही. वन्समोअर मिळाला की तेच पद नव्या रीतीने मांडावे लागते. अशा ठिकाणी तबलावादकाने आपली विद्या दाखवू लागल्यास गाणे मोडते. नुसता ठेका धरून बसल्यास ते निष्प्राण होते. थिरकवा यांनी यातला मधला मार्ग काढला. ठेका भरदार आणि गोड ठेवायचा, गायकाच्या ओळीच्या जागा रिकाम्या सोडायच्या आणि सम जवळ आली किंवा दोन ओळींमध्ये अवकाश मिळाला की एखादी लहानशी लग्गी वा मुखडा घेऊन पुन्हा ठेक्यावर यायचे. ज्याच्या हातात शेकडो बंदिशी होत्या, त्याने चार अक्षरांवर समाधान मानायचे, हा मोठा संयम होता. बालगंधर्वांच्या गाण्यातील लयीचा डौल आणि या साथीचा तोल एकमेकांना पूरक ठरले.

नाटक कंपनीतील नोकरी हा घराणेदार वादकाच्या दृष्टीने कमीपणा आहे, असे मानणारे लोक त्या काळी होते. खाँसाहेबांच्या बाबतीत मात्र हा आक्षेप टिकत नाही. तबल्याचा नाद ध्वनिवर्धकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला पाहिजे आणि तरीही गायकाच्या आवाजावर चढता कामा नये, ही शिस्त त्यांना रंगभूमीनेच शिकवली असली पाहिजे. जोराने वाजवून तबला दूरवर जात नाही; सुरात लागलेला आणि स्वच्छ निकासाचा तबला जातो.

तबला सुरात लावणे

थिरकवा यांच्या नादाची थोरवी समजण्यासाठी तबला कसा लावतात हे थोडक्यात पाहिले पाहिजे. उजव्या हाताच्या तबल्याच्या पुडीचे तीन भाग असतात. बाहेरची कड ती चाट, मध्यभागी काळी शाई आणि या दोहोंमधील मोकळे चामडे म्हणजे लव. पुडीच्या काठाने चामड्याचा विणलेला गजरा असतो. त्यातून ओवलेली वादी खालच्या कड्यापर्यंत जाते आणि तिच्याखाली लाकडी गट्टे बसवलेले असतात. वादीमुळे पुडीची सोळा घरे पडतात. सूर बराच चढवायचा किंवा उतरवायचा असेल तर गट्टे खाली वा वर सरकवतात. बारीक फरक गजऱ्यावर हातोडी मारून करतात. वरून मारल्यास सूर चढतो, खालून मारल्यास उतरतो.

नवशिका एका घराचा सूर षड्जाशी मिळाला की तबला लागला असे समजतो. खरे काम तेथून सुरू होते. सोळाही घरांवर चाटेचा बोल सारखाच वाजला पाहिजे. एक घर किंचित चढे राहिले तर नाद थरथरतो आणि आस तुटते. ते घर उतरवावे तर समोरचे घर हलते, म्हणून वादक समोरासमोरची घरे जोडीने तपासत जातो. हे सगळे कानाने करायचे असते. तंबोऱ्याच्या जोडीचा षड्ज मनात धरून तबल्याचा नाद त्यात विरघळतो की वेगळा उरतो, एवढीच कसोटी. डग्ग्याला असा नेमका सूर लावत नाहीत, पण त्याचा घुमारा तबल्याच्या सुराशी भांडत नाही, हे पाहावे लागते.

साध्या ढोलाला असा सूर लागत नाही. एकसारख्या जाडीच्या ताणलेल्या चामड्याचे वरचे स्वरांश मूळ स्वराशी पूर्णांकांच्या पटीत नसतात, त्यामुळे कानाला ठोका जाणवतो, पण स्वर जाणवत नाही. शाईच्या भारामुळे ही स्थिती पालटते. लोखंडाच्या पुडीचे आणि खळीचे मिश्रण थरावर थर देऊन, दगडाने घोटून शाई चढवतात. ती मध्यभागी जाड आणि काठाकडे पातळ होत जाते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली नेचर या नियतकालिकात आणि पुढे १९३४ साली स्वतंत्रपणे दाखवून दिले की, शाई लावलेल्या भारतीय तालवाद्यांचे पहिले काही स्वरांश तंतुवाद्याप्रमाणे पूर्णांकांच्या पटीत येतात. पुडी बनवणाऱ्या कारागिरांनी हे गणित न मांडता हाताने आणि कानाने फार पूर्वीच साधले होते.

एक खबरदारी येथे सांगितली पाहिजे. उत्तम लागलेला तबला कोणाच्याही हाती गोड वाजतो असे नाही. चाटेवर बोट क्षणभर अधिक टेकले तर आस मरते. अनामिका शाईच्या काठावर योग्य जागी टेकलेली नसेल तर चाटेचा बोल सुरात येत नाही. थिरकवा यांच्या बाबतीत वाद्याचा सूर आणि बोटांचा निकास ही दोन्ही अंगे एकाच वेळी सिद्ध झाली होती. त्यामुळे द्रुत लयीतही त्यांचे प्रत्येक अक्षर सुटे आणि सुरेल ऐकू येई.

वादनशैली

दिल्लीचा बाज मुख्यतः दोन बोटांचा आणि चाटेचा. त्यात नाद आखूड, नेटका आणि बंद असतो. पूरबचा बाज लवेचा आणि पंजाचा, म्हणून अधिक खुला व आसदार. अजराड्यात आड लयीची वळणे आणि डग्ग्याचे काम विशेष. गुरूकडून ही सर्व अंगे मिळाल्यामुळे थिरकवा यांच्या वादनाला एकाच घराण्याच्या चौकटीत बसवणे कठीण जाते. त्यांना सामान्यतः फरुखाबाद परंपरेचे म्हटले जात असले, तरी त्यांच्या कायद्यांत दिल्ली स्पष्ट दिसते.

स्वतंत्र वादनाचा आरंभ ते पेशकाराने करीत आणि ताल बहुधा त्रिताल असे. पेशकार हा संथ लयीत उलगडत जाणारा, वादकाची बुद्धी व नाद दोन्ही पारखणारा प्रकार आहे. घाईने वाजवणारा वादक येथेच उघडा पडतो. त्यांच्या पेशकारात प्रत्येक आघातानंतरची आस पुढच्या आघातापर्यंत पोहोचते आणि मात्रांमधील पोकळी रिकामी वाटत नाही. त्यानंतर कायदे, रेले, गती, तुकडे असा क्रम येई. धिरधिर या बोलाचे त्यांचे वादन विशेष प्रसिद्ध होते. हा बोल पंजाने शाईवर वाजतो आणि सामान्य हाती तो नुसती धडधड होतो. त्यांच्या हाती तो वजनदार असूनही स्पष्ट राहत असे. डग्ग्यावरील मींडेचा वापर त्यांनी मोजकाच केला. आजच्या श्रोत्याला, ज्याचा कान डग्ग्याच्या लांब घसटींना सरावला आहे, हे वादन प्रथम काहीसे करडे वाटण्याचा संभव आहे. दुसऱ्यांदा ऐकल्यावर बहुधा मत बदलते.

त्यांच्या उमेदीच्या काळात तबलजी हा गायकाच्या मागे बसणारा साथीदार मानला जाई. मानधन व मानमरातब दोन्ही बेताचे. तबल्याची स्वतंत्र मैफल ही जाणकारांपुरती गोष्ट होती. संगीत परिषदा व आकाशवाणी यांच्याद्वारे स्वतंत्र तबलावादन रुळले, त्यात थिरकवा यांचे नाव अग्रभागी येते.

रामपूर आणि लखनौ

बोलपटांच्या आगमनानंतर संगीत नाटकांचा पडता काळ सुरू झाला. बालगंधर्व स्वतःही १९३५ साली प्रभात कंपनीच्या धर्मात्मा या चित्रपटात काम करण्यास गेले. याच सुमारास थिरकवा रामपूरच्या नवाबांच्या आश्रयास गेले. रामपूर दरबाराला संगीताची दीर्घ परंपरा होती. तत्कालीन नवाब रझा अली खाँ स्वतः संगीताचे व्यासंगी होते आणि दरबारात मुश्ताक हुसेन खाँ यांच्यासारखे गायक होते.

१९४९ साली रामपूर संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले आणि दरबारी आश्रयाचा काळ संपला. पिढ्यान्‌पिढ्या संस्थानांवर अवलंबून असलेल्या कलावंतांपुढे मोठाच प्रश्न उभा राहिला. थिरकवा यांनी लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात अध्यापन स्वीकारले व तेथे ते तबल्याचे प्राध्यापक झाले. १९२६ साली विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेली ही संस्था. गुरूच्या घरी राहून शिकलेल्या उस्तादाने वर्ग, तासिका आणि परीक्षा यांच्या चौकटीत शिकवायचे, हा बदल सोपा नव्हे. निकास ही फळ्यावर लिहून देता येणारी गोष्ट नाही. ती समोर बसवून, हात धरूनच द्यावी लागते.

१९५४ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० साली पद्मभूषण हा किताब मिळाला. तबलावादकाला पद्मभूषण मिळणे ही त्या काळी असामान्य गोष्ट होती.

शिष्य

गायक व रचनाकार जगन्नाथबुवा पुरोहित ऊर्फ गुणीदास यांनी त्यांच्याकडे तबल्याची तालीम घेतली होती. जितेंद्र अभिषेकी, राम मराठे, माणिक वर्मा अशा गायकांचे गुरू म्हणून बुवा प्रसिद्ध आहेत. त्यांच्या बंदिशींमधील लयीच्या बांधणीमागे ही तालीम असावी, असे जाणकार मानतात. निखिल घोष यांनी मुंबईत संगीत महाभारती ही संस्था स्थापन केली आणि तेथे तबल्याचे पद्धतशीर शिक्षण दिले. लालजी गोखले व ठाण्याचे भाई गायतोंडे यांनी महाराष्ट्रात ही परंपरा पुढे नेली. गायतोंडे हे जगन्नाथबुवांकडेही शिकले होते, म्हणजे एकच विद्या त्यांना दोन वाटांनी मिळाली. प्रेमवल्लभ हेही त्यांच्या प्रमुख शिष्यांपैकी होत.

ध्वनिमुद्रणे

थिरकवा यांचा नाद आज केवळ ध्वनिमुद्रणांतून ऐकता येतो आणि तेथे अडचण आहे. कर्ण्यातून होणाऱ्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणात खालचे स्वर नीट उमटत नसत, त्यामुळे डग्गा जवळजवळ हरवतो. विद्युत ध्वनिमुद्रण आल्यावर सुधारणा झाली, पण ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपते. तेवढ्या वेळात पेशकार उलगडणे शक्य नसते. बालगंधर्वांच्या पदांच्या जुन्या तबकड्यांवर सगळा भर गायकाच्या आवाजावर आहे. तबला त्यामागे क्षीण ऐकू येतो. आकाशवाणीवरील व उतारवयातील मैफलींची दीर्घ ध्वनिमुद्रणे मात्र उपलब्ध आहेत, त्याचप्रमाणे त्यांच्या वादनाचे थोडे चित्रीकरणही आहे. त्यांत सत्तरी ओलांडलेल्या वादकाचा वेग थोडा मंदावलेला दिसतो. सूर व निकास यांत उणीव आढळत नाही. तबल्याच्या विद्यार्थ्याने ही ध्वनिमुद्रणे ऐकताना प्रथम बोल न मोजता, चाटेवरील एकेका आघातानंतर मागे उरणाऱ्या आसेकडे लक्ष द्यावे.

अखेरचा काळ

१९६९ साली मुंबईत स्थापन झालेल्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात, म्हणजेच एनसीपीएमध्ये, त्यांना अध्यापनासाठी पाचारण करण्यात आले. ज्या शहरात बाराव्या वर्षी ते शिकण्यास बसले होते, तेथेच ते आता शिकवू लागले. तरीही त्यांचा जीव लखनौत होता आणि संधी मिळताच ते तेथे जात. अखेर लखनौतच यावी, अशी त्यांची इच्छा होती असे सांगितले जाते. जानेवारी १९७६ मध्ये मोहरमसाठी ते लखनौस आले होते. मुंबईस परत जाण्यासाठी रेल्वे स्थानकाकडे निघाले असता वाटेतच त्यांचे निधन झाले.